फळ्यावरून बाजारात: गणित सोडून वित्तक्षेत्रात गेलेल्यांची चार पुस्तकं

(ऑनलाइन व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न.)



आजचा विषय जाहीर झाल्यापासून बरेच निरोप आले. त्यातल्या निम्म्यांचा सूर एकच होता: "गणितात एम.एस्सी. झालंय, फायनान्समध्ये जायचंय, कोणता कोर्स करू?" मित्रहो, कोर्सची यादी आज मिळणार नाही. ती इंटरनेटवर हवी तेवढी मिळते. आज आपण चार पुस्तकांबद्दल बोलणार आहोत. गणित किंवा गणिताच्या शेजारचं शास्त्र शिकून जी माणसं पैशाच्या बाजारात गेली, त्यांची ही पुस्तकं आहेत. ती काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि वाचून निर्णय घ्यायला मदत होते की नाही, एवढंच पाहू.

आधी एक खुलासा. 'आम्ही' म्हणजे महाविद्यालयात गणित शिकवणारे चौघे जण. आमच्यातले एक आता निवृत्त झालेत. महिन्यातून एकदा बसतो, एखादं पुस्तक घेतो, भांडतो. आज बोलणारं तोंड एक असलं तरी मतं चौघांची आहेत.

ही पुस्तकं हातात घ्यायला एक कारण घडलं, आणि त्यात चूक आमची होती. काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मेझर थिअरीचा पेपर तिनं असा सोडवला होता की तपासताना आम्हीच शिकलो. तिला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला होता, आणि त्याच आठवड्यात मुंबईतल्या एका ट्रेडिंग कंपनीचं नोकरीचं पत्रही आलं. ती विचारायला आली. आमच्यातल्या एकानं, नाव सांगत नाही, हसून म्हटलं, "अगं, एवढं गणित शिकून शेवटी सट्टा लावणार का?" बाकीचे तिघं हसलो. तीही हसली. तिनं नोकरी घेतली. पेढे आणले ते बाहेर ऑफिसातल्या मावशींकडे ठेवून गेली. आमच्या खोलीत आली नाही.

ते उत्तर चुकीचं होतं की बरोबर, हा नंतरचा प्रश्न. खरी अडचण ही की आम्हांला त्या जगाची काडीची माहिती नव्हती, आणि तरी आम्ही मत दिलं. परीक्षेत सिद्धता न देता निष्कर्ष लिहिला तर आपण शून्य गुण देतो. तसंच झालं. म्हणून वाचायला बसलो.

आमच्या त्या शेऱ्याचं मूळ कुठून आलं, तेही तपासलं. ते जी. एच. हार्डींकडून आलं. १९४० साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' आमच्या पिढीनं पोथीसारखं वाचलं. खरं गणित व्यवहारात निरुपयोगी असतं, आणि त्यातच त्याची शोभा आहे, असा त्याचा सूर. हार्डींना संख्या सिद्धांताच्या निरुपयोगीपणाचा अभिमान होता. आज तुमचा बँकेचा ऑनलाइन व्यवहार सुरक्षित ठेवणारी गूढलिपी त्याच संख्या सिद्धांतावर उभी आहे. म्हणजे अभिमानाची ती जागा इतिहासानंच काढून घेतली. शिवाय हार्डी केंब्रिजमध्ये प्राध्यापक होते. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावून, सेट-नेट होऊन, वर्षानुवर्षं कायम जागेची वाट पाहणाऱ्याला 'निरुपयोगी म्हणून सुंदर' हे वाक्य वेगळं ऐकू येतं. तेव्हा हार्डींना नमस्कार करून पुढे जाऊ.

पहिलं पुस्तक एमॅन्युएल डर्मन यांचं 'माय लाइफ अ‍ॅज अ क्वांट', २००४ सालचं. डर्मन मूळचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत, गणिती नाहीत, हे आधी सांगितलेलं बरं. पण जो प्रवास आपल्याला समजून घ्यायचाय, तो त्यांच्याइतका प्रामाणिकपणे दुसऱ्या कुणी लिहिलेला आम्हांला सापडला नाही. केप टाउनचा मुलगा १९६६ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात येतो. कणभौतिकीत पीएच.डी. करतो. मग एका शहरातून दुसऱ्या शहरात तात्पुरत्या नेमणुका. सुरुवातीच्या पानांतच ते सांगतात की वय वाढत गेलं तशी त्यांची महत्त्वाकांक्षा कशी आक्रसत गेली. आधी आइन्स्टाइन व्हायचं होतं, मग फाइनमन, आणि शेवटी वेळ अशी आली की शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला परदेशी व्याख्यानाचं बोलावणं आलं, तर त्याचाही हेवा वाटू लागला. संशोधनात काही वर्षं काढलेल्या कुणालाही हे वाचून आधी हसू येईल आणि मग गप्प व्हायला होईल.

आणि ते विद्यापीठ का सोडतात? आम्ही धरून चाललो होतो की पैशासाठी. पुस्तकात दिसतं ते निराळं. त्यांची नोकरी कोलोरॅडोत, पत्नी आणि लहान मुलगा न्यूयॉर्कला. कुटुंब एका छताखाली यावं म्हणून ते १९८० साली बेल लॅब्जमध्ये जातात. तिथलं काम आवडत नाही, पण तिथे एक गोष्ट पदरात पडते: प्रोग्रामिंग. १९८५च्या अखेरीस गोल्डमन सॅक्समध्ये जातात तेव्हा तीच कामाला येते. वॉल स्ट्रीट हा पहिला पर्याय नव्हता, दुसराही नव्हता. आपल्याकडे नवरा पुण्यात आणि बायकोची कायम नोकरी नांदेडला असं ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. विद्यार्थी 'पैशाच्या मागे गेला' असं म्हणण्याआधी त्याच्या घराचा नकाशा विचारावा, एवढं या पुस्तकानं आम्हांला शिकवलं.

पण पुस्तकाचं खरं मोल पुढच्या भागात आहे. काम कसं बदलतं, हे डर्मन बारकाईनं दाखवतात. नव्या जागी त्यांना रोख्यांवरच्या ऑप्शनची किंमत काढणारा एक जुना प्रोग्राम हाताळायला मिळतो. त्यातलं गणित सुधारणं ही एक बाजू झाली. पण बाजारातल्या माणसाला तो भराभर, न चुकता वापरता येणं, ही दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे, हे त्यांना लवकर उमगतं. आपल्याला शिकवलेलं असतं की सिद्धता पूर्ण झाली, की काम संपलं. तिथे सिद्धता झाली की काम सुरू होतं. पुढे फिशर ब्लॅक आणि बिल टॉय यांच्याबरोबर त्यांनी व्याजदरांचं जे मॉडेल केलं, त्याला आजही तिघांच्या आडनावांनी ओळखतात. त्यातला ब्लॅक म्हणजे ब्लॅक-शोल्स सूत्रातलाच ब्लॅक. त्याची पीएच.डी. उपयोजित गणितातली.

आता त्या सूत्रावरच थोडं थांबू, कारण गणितवाल्याला इथे सगळ्यात मोठी ठेच लागते. १९७३ साली प्रसिद्ध झालेलं ब्लॅक-शोल्स सूत्र गणित म्हणून निर्दोष आहे. गृहीतकं मान्य करा, उत्तर निघतं. एक गृहीतक असं, की शेअरच्या भावाची चंचलता, ज्याला बाजारात 'व्होलॅटिलिटी' म्हणतात, ती स्थिर आहे. तसं असेल तर एकाच शेअरच्या, एकाच मुदतीच्या सगळ्या ऑप्शनांच्या किमतींवरून उलटी काढलेली चंचलता सारखीच यायला हवी. ऑक्टोबर १९८७मध्ये अमेरिकेचा बाजार एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त कोसळला. त्यानंतर लोक मोठ्या पडझडीविरुद्धच्या ऑप्शनांना जास्त भाव मोजू लागले, आणि आलेखावर सरळ रेषेऐवजी वाकडी रेषा दिसू लागली. प्रमेय खोटं ठरलं का? नाही. माणसं घाबरली आणि गृहीतक बदललं. ग्रह आपल्याबद्दलचं सूत्र वाचून कक्षा बदलत नाहीत. बाजारातली माणसं बदलतात. डर्मनांच्या पुस्तकातली ही शिकवण कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा मोलाची आहे. २००८च्या संकटानंतर, जानेवारी २००९मध्ये, त्यांनी पॉल विल्मट यांच्यासोबत मॉडेल करणाऱ्यांसाठी एक जाहीरनामा लिहिला. त्यात डॉक्टरांच्या शपथेसारखी शपथही आहे. शपथेनं काही बदललं का, हा प्रश्न वाजवी आहे. पण अशी गरज कुणाला तरी आतून वाटली, हेही खरं.

पुस्तकाचा दोष? डर्मन स्वतःच्या मनाबद्दल जितकं खुलं लिहितात, तितकं समोरच्या माणसाबद्दल लिहीत नाहीत. ऑप्शन विकला गेला. पण तो कुणी घेतला, त्याला त्याची गरज होती का, त्याचं पुढे काय झालं, याचा पत्ता लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

दुसरं पुस्तक: एडवर्ड थॉर्प, 'अ मॅन फॉर ऑल मार्केट्स', २०१७. हे गणिताचेच पीएच.डी., १९५८चे. एमआयटीत शिकवत असताना त्यांनी तिथल्या आयबीएम संगणकावर ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचं गणित मांडलं. वाटून झालेली पानं लक्षात ठेवली, तर उरलेल्या गड्डीत खेळाडूचं पारडं कधी जड होतं ते कळतं, हा तो शोध. त्याचं पुस्तक १९६२ साली आलं आणि गाजलं. त्याच सुमाराला क्लॉड शॅनन यांच्याबरोबर रूलेटचा अंदाज बांधणारं अंगावर वागवायचं छोटं यंत्रही केलं. मग शेअर बाजाराकडे वळले आणि १९६९ साली भागीदारीत फंड काढला.

थॉर्प यांच्या पुस्तकातली एक कल्पना आम्ही आता वर्गात शिकवतो. नाणं आहे, पण तुमच्या बाजूनं झुकलेलं: ५५ टक्के वेळा तुम्ही जिंकता, ४५ टक्के वेळा हरता. जिंकलात तर लावले तितके मिळतात, हरलात तर लावलेले जातात. दरवेळी जवळच्या पैशाचा किती हिस्सा लावाल? सरासरीचं गणित म्हणतं, जितका जास्त तितकं बरं. १० टक्के लावले तर दर डावाला सरासरी १ टक्का नफा, २० टक्के लावले तर सरासरी २ टक्के. मग २०च लावावेत ना? आता लॉगॅरिदम घेऊन वाढीचा वेग काढा. १० टक्क्यांना पैसा दर डावाला साधारण अर्धा टक्का या दरानं वाढतो. २० टक्क्यांना तो वेग जवळजवळ शून्य होतो, शून्याच्या किंचित खालीच. पंचवीस टक्के लावलेत, तर पारडं तुमच्या बाजूला असूनही तुम्ही हळूहळू कफल्लक होता. याला केली यांचा निकष म्हणतात. घरी कॅल्क्युलेटरवर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

असं का होतं? सरासरी ही हजार समांतर माणसांची असते. त्यातल्या थोड्यांना छप्पर फाडून मिळतं आणि सरासरी वर जाते. पण तुम्ही हजार माणसं नाही, एक आहात, आणि तुमचे डाव एकामागून एक येतात. १९९८ साली लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड बुडायला आला तेव्हा हेच दिसलं. १९९७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मर्टन आणि शोल्स दोघंही त्यात होते. डोकं कमी नव्हतं, सूत्रंही हाताशी होती. पण कर्ज काढून लावलेला पैसा इतका होता की वाईट दिवसांतून पार पडायला जागाच उरली नाही. शेवटी १४ वित्तसंस्थांनी मिळून सुमारे ३६० कोटी डॉलर घातले तेव्हा ते निस्तरलं.

थॉर्प यांचं पुस्तक आम्हांला आवडलं ते आणखी एका कारणानं. त्यांनी सुरुवात कसिनोत केली, म्हणून समोर कोण बसलंय हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. टेबलाच्या पलीकडे कसिनोचा मालक. 'आपण जिंकलो म्हणजे कुणीतरी हरलं' हे भान बाजारात आल्यावरही पुसलेलं दिसत नाही. आकड्यांकडे संशयानं बघायची सवयही तिथलीच. १९९१ साली एका ग्राहकासाठी हिशेब तपासताना बर्नार्ड मॅडॉफ यांनी दाखवलेले काही सौदे बाजारात झालेलेच नाहीत, हे त्यांना कळलं होतं. जगाला ते कळायला डिसेंबर २००८ उजाडला. उणीव सांगायची तर त्यांच्या स्वतःच्या फंडाच्या शेवटाबद्दल. १९८७ साली सरकारी तपास यंत्रणांनी त्यांच्या प्रिन्स्टन कार्यालयावर छापा घातला, सहकाऱ्यांवर खटला झाला, पुढे बऱ्याच शिक्षा रद्दही झाल्या. थॉर्प दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कार्यालयात होते, त्यांच्यावर आरोप नव्हता. ते हे सगळं लिहितात, पण एरवी प्रत्येक गोष्टीची मोजदाद करणारा हा माणूस इथे स्वतःला प्रश्न विचारायला कमी पडतो, असं आमच्यातल्या तिघांचं मत. चौथ्याला ते मान्य नाही.

तिसरं पुस्तक विद्यार्थ्यांच्या हातात सगळ्यात जास्त दिसतं: ग्रेगरी झुकरमन यांचं 'द मॅन हू सॉल्व्ह्ड द मार्केट', २०१९. विषय आहे जिम सायमन्स. हा अस्सल गणिती. चर्न-सायमन्स सिद्धांतातले सायमन्स तेच. १९७६चं वेब्लेन पारितोषिक मिळालेले, स्टोनी ब्रुकच्या गणित विभागाचे प्रमुख. १९७८ साली चाळिशीत विद्यापीठ सोडून बाजारात उतरले. २०२४ साली त्यांचं निधन झालं. त्यांच्या मेडॅलियन फंडानं १९८८ पासून तीस वर्षं शुल्क वजा करण्याआधी सरासरी वर्षाला ६६ टक्के मिळवले, असा झुकरमन यांचा हिशेब आहे. या आकड्यावरच पुस्तक खपतं आणि या आकड्यामुळेच मुलांची झोप उडते.

पुस्तक वाईट आहे का? नाही. सुरुवातीची चाचपडणारी वर्षं मजेदार आहेत. त्यांच्या एका यंत्रानं मेन राज्यातल्या बटाट्यांचे वायदे इतके घेतले की नियामकांचा फोन आला. सायमन्स कधी सूत्रावर, कधी पोटातल्या भावनेवर सौदे करायचे आणि पोळायचे. एवढा नफा कमावणारा फंड पन्नास टक्क्यांहून जेमतेम जास्त वेळाच बरोबर असतो, हेही त्यात येतं. आत्ताचं नाणं आठवा. थोडंसं झुकलेलं पारडं आणि लाखो डाव.

तरीही आमची तक्रार दोन गोष्टींची. पहिली, यात गणित नाही. ज्यांना ठाऊक होतं ते गुप्ततेच्या करारांनी बांधलेले, त्यामुळे लेखकाचा नाइलाज असेल. पण वाचणाऱ्या मुलाला वाटतं की गणिती हुशारी एकीकडून घाला, दुसरीकडून पैसा येतो. मधली जागा रिकामी आहे. दुसरी तक्रार जास्त गंभीर. हे जिंकलेल्याचं चरित्र आहे. त्याच सुमाराला गणित सोडून बाजारात उतरलेले, बुडालेले आणि ना विद्यापीठाचे ना बाजाराचे राहिलेले किती असतील? त्यांचं चरित्र कोण छापणार? करिअरचा निर्णय सायमन्सकडे बघून घेणं म्हणजे हजार माणसांची सरासरी बघून २० टक्के लावणं. तुमचं आयुष्य एकच, आणि तेही एकाच ओळीत जाणारं. पलीकडे पैसे कोण हरतंय, हा प्रश्न पुस्तकात येतो, पण पाहुण्यासारखा येतो आणि चहा पिऊन जातो.

चौथं पुस्तक याच प्रश्नाचं आहे. कॅथी ओ'नील, 'वेपन्स ऑफ मॅथ डिस्ट्रक्शन', २०१६. हार्वर्डमधून संख्या सिद्धांतात पीएच.डी., बार्नर्ड महाविद्यालयात प्राध्यापक, आणि २००७ साली ती नोकरी सोडून डी. ई. शॉ या हेज फंडात. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीसमोर जी वाट होती तीच. वर्षभरात २००८चं संकट आलं. ज्या गणितावर आपलं प्रेम, तेच गणित त्या पडझडीत सामील आहे, लोकांची घरं जाण्यात त्याचा हात आहे, हे तिला दिसलं. पुढे ती बाहेर पडली. विशेष म्हणजे ती 'गणित वाईट' असं म्हणत नाही. ती म्हणते, मॉडेलच्या आत कुणाची तरी मतं बसवलेली असतात, आणि गणिताच्या दरार्‍यामुळे त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही.

तिच्या पुस्तकाबद्दल आमची हरकत एकच. वित्तक्षेत्राचा भाग फार लवकर संपतो. ती शाळा, तुरुंग, विमा, नोकरभरती अशा विषयांकडे जाते. ते महत्त्वाचे आहेत, पण तिनं स्वतः आतून पाहिलेलं जग अजून तपशिलानं यायला हवं होतं.

आता हे सगळं अमेरिकेतलं झालं. आपल्याकडे टेबलाच्या पलीकडे कोण बसलंय? याचं उत्तर आपल्याकडे आकड्यांत उपलब्ध आहे. सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. एकट्या २०२३-२४मध्ये, खर्च धरण्याआधी, या सामान्य लोकांनी सुमारे ६१ हजार कोटी गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या पैशानं सौदे करणाऱ्या कंपन्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. बेरीज करा. आणि या दोघांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग अल्गोरिदमनं केलेल्या सौद्यांतला.

ते अल्गोरिदम लिहितं कोण? आमच्याच वर्गातली हुशार मुलं. आणि हरणारे कोण? तेही आमच्याच वर्गात आहेत. फळ्यावर आम्ही संभाव्यतेचं वितरण लिहीत असतो आणि मागच्या बाकावर एखादा मुलगा बाकाखाली मोबाइल धरून आज मुदत संपणारा ऑप्शन बघत असतो. घरून फीला आलेले पैसे त्यात असतात. हे आम्ही पाहिलंय, आणि बऱ्याच वेळा न पाहिल्यासारखं केलंय. पुढच्या बाकावरची मुलगी ज्या कंपनीत जाते, त्या कंपनीच्या समोर मागच्या बाकावरचा मुलगा बसलेला असतो. दोघांना शिकवणारे आम्ही.

याचा अर्थ वित्तक्षेत्रात जाऊच नये असा नाही. तो सोपा निष्कर्ष झाला, आणि तो एकदा काढून आम्ही तोंडघशी पडलोय. निर्यातदाराला डॉलरच्या भावाची धास्ती असते, तिच्यावर उतारा कुणीतरी विकावाच लागतो. पेन्शनचा पैसा चाळीस वर्षांनी पुरेल का, हे विमागणितीच सांगतो. बँकेनं किती भांडवल राखून ठेवायचं, हेही कुणाला तरी नीट मोजावंच लागतं, नाहीतर ठेवीदार बुडतो. ही सगळी गणिती कामं आहेत, आणि समाजाला हवी असलेली आहेत. शिवाय सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्या कंपन्या नसतील तर तुम्हांआम्हांला शेअर विकताना गिऱ्हाईक शोधत बसावं लागेल, हेही मान्य करायला हवं. प्रश्न 'जावं की नाही' एवढाच नाही. कुठे जावं, आणि तिथे नफा नक्की कशातून येतो, हा आहे.

जाता जाता आपल्याच भागातलं एक उदाहरण. पैशाकडे वळलेला एक गणिती आपल्याकडेही होऊन गेला: दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. संख्याशास्त्र व्यवहारात लावून बघायला एखादा प्रश्न हवा, म्हणून ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं; मग वजनातल्या घटीवरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येईल का? त्यासाठी त्यांनी नाणी तराजूत घालून वजनं घेतली. आणि त्यातून ते पोचले कुठे, तर ती नाणी ज्यांच्या हातांतून गेली त्या माणसांच्या इतिहासापर्यंत. वित्तक्षेत्राशी याचा थेट संबंध नाही, हे कबूल. पण आकड्यामागचा हात शोधायची सवय गणिताला परकी नाही, हे दाखवायला आम्हांला दुसरं नाव आठवत नाही.

तर आमचा निकाल असा. यातलं एकच वाचणार असाल तर डर्मन वाचा. दोन वाचणार असाल तर जोडीला थॉर्प, आणि हातात कागद-पेन्सिल घेऊन. मग ओ'नील. झुकरमन शेवटी वाचा, म्हणजे तोवर डोळे दिपणार नाहीत. आणि नोकरीचं पत्र आलं की पगाराच्या आकड्याखाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहा: 'हा पैसा कुणाकडून येतो?' ती ओळ भरता आली, आणि भरल्यावर झोप लागली, तर खुशाल जा. पेढे मात्र आमच्या खोलीत आणून द्या.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: मी शुद्ध गणित, त्यातही बीजगणित केलंय. याचा तिकडे उपयोग होईल का?

उत्तर: थेट उपयोग कमीच होईल. रोज लागतं ते संभाव्यता, संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, संख्यात्मक पद्धती, आणि प्रोग्रामिंग. यातलं शेवटचं पुस्तक वाचून येत नाही, करूनच येतं. डर्मनांना ते बेल लॅब्जमध्ये नाखुशीनं शिकावं लागलं आणि आयुष्यभर पुरलं. बीजगणितानं तुम्हांला एक सवय लागलेली असेल: गृहीतक आणि निष्कर्ष वेगळे ठेवायची. ती जपा. गर्दीत सगळ्यात आधी तीच हरवते.

प्रश्न: तुमच्या त्या विद्यार्थिनीचं पुढे काय झालं?

उत्तर: अपेक्षित होता हा प्रश्न. ही पुस्तकं वाचून झाल्यावर आम्ही तिला फोन केला. जे बोललो होतो त्याबद्दल माफी मागितली. ती मोकळेपणानं बोलली. म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही एकच विचारायला हवं होतं. घरी कर्ज किती आहे? मी सांगितलं असतं." कर्ज फिटलंय. ती आता सौदे करणाऱ्या विभागातून जोखीम मोजणाऱ्या विभागात गेलीय, स्वतः मागून. का, ते आम्ही विचारलं. ते ती पुढच्या सत्रात आमच्या वर्गात येऊन सांगणार आहे. मागच्या बाकावरच्या मुलांनाही आम्ही पुढे बसायला सांगणार आहोत.